सार्वजनिक विद्यापीठातील देणगी शिष्यवृत्ती: पैसा कोठून येतो आणि तुम्हाला कसा मिळतो

सार्वजनिक विद्यापीठाचा खर्च मुख्यतः सरकारी अनुदान आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांतून भागतो. तिसरा मार्ग म्हणजे देणगी. माजी विद्यार्थी, उद्योगपती, कंपन्या आणि सामान्य कुटुंबे विद्यापीठाला पैसे देतात. या पैशातून शिष्यवृत्त्या, पदके, ग्रंथालये आणि वसतिगृहे उभी राहतात. अनेक गरजू विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्तीची माहिती असते, पण आपल्याच विद्यापीठातील देणगी शिष्यवृत्तीची नसते. ती माहिती येथे दिली आहे.

देणगीचे पुढे काय होते?

देणगी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात रक्कम ठरलेल्या कामासाठी थेट खर्च होते. उदाहरणार्थ, इमारत, प्रयोगशाळेतील यंत्र किंवा पुस्तके. दुसऱ्या प्रकारात रक्कम मुदत ठेवीत ठेवली जाते. मुद्दल तशीच राहते आणि दरवर्षी फक्त व्याज वापरले जाते.

समजा, एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ १० लाख रुपये दिले आणि त्यावर ६.५ टक्के व्याज मिळाले. वर्षाला ६५,००० रुपये होतात. त्यातून दोन विद्यार्थिनींना प्रत्येकी २५,००० रुपये देता येतात. उरलेले १५,००० रुपये मुद्दलात जमा केले, तर महागाईमुळे शिष्यवृत्तीच्या किमतीत होणारी घट काही प्रमाणात कमी होते.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा विद्यापीठ कायदा लागू आहे. देणगी स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेला असतो. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची याच्या अटी देणगी स्वीकारताना ठरतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या फक्त मुलींसाठी, काही एखाद्या विषयासाठी, तर काही ठरावीक जिल्ह्यासाठी असतात.

ही पद्धत जुनी आहे

प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. त्यांच्या आईच्या नावाने तो राजाबाई टॉवर झाला. १८६६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या २ लाख रुपयांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. तेच आजचे एसएनडीटी महिला विद्यापीठ. बनारस हिंदू विद्यापीठासाठी पंडित मदनमोहन मालवीय यांनी देशभर फिरून राजेरजवाड्यांपासून सामान्य माणसांपर्यंत सर्वांकडून देणग्या जमवल्या.

तुम्ही अर्ज कसा कराल?

१. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्ती विभाग पाहा. तेथे यादी नसेल तर विद्यार्थी विकास विभागात किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा.
२. प्रश्न नेमका विचारा: "देणगीदारांच्या निधीतून कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत आणि शेवटची तारीख कोणती?"
३. साधारणपणे लागणारी कागदपत्रे तयार ठेवा: मागील वर्षाची गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड प्रमाणपत्र, आधार आणि बँक पासबुकाची प्रत.
४. अर्ज दिल्यावर पोच घ्या.

यादी मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो. सार्वजनिक विद्यापीठे या कायद्याखाली येतात. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडल्यास शुल्क लागत नाही.

सरकारी शिष्यवृत्तीबरोबर घेता येते का?

प्रत्येक योजनेचा नियम वेगळा आहे. काही सरकारी योजनांत दुसरी शिष्यवृत्ती घेण्यास मनाई असते. दोन्ही मंजूर झाल्या तर कोणती जास्त लाभाची आहे ते पाहून एक निवडा. माहिती लपवू नका. नंतर रक्कम परत करावी लागू शकते.

महत्त्वाचे: प्रवेशासाठी मागितलेली "डोनेशन" ही देणगी नव्हे

खरी देणगी स्वेच्छेची असते आणि तिच्या बदल्यात काही मिळत नाही. जागेच्या बदल्यात ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागणे म्हणजे कॅपिटेशन फी. महाराष्ट्रात तिला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतही असे कायदे आहेत. घरातले दागिने गहाण ठेवून किंवा कर्ज काढून असे पैसे देऊ नका.

पैसे मागितले गेल्यास:
• मागणी लेखी द्यायला सांगा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.
• माहितीपत्रकात छापलेल्या शुल्काशी रक्कम ताडून पाहा.
• संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त मागणी ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तक्रारीची बाब आहे.
• समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा.

तुम्हाला देणगी द्यायची असेल तर

शिकून नोकरीला लागल्यावर अनेकजण आपल्या विद्यापीठाला परतफेड म्हणून काही रक्कम देतात. लहान रकमाही एकत्र करून एक शिष्यवृत्ती उभी करता येते. रक्कम विद्यापीठाच्या अधिकृत खात्यातच भरा, कोणा व्यक्तीच्या खात्यात नाही. ती कोणत्या कामासाठी आहे हे लेखी कळवा आणि पावती घ्या. जुन्या करप्रणालीत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळते. मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास ती मिळत नाही.

ज्या शिष्यवृत्तीसाठी कोणी अर्जच करत नाही, तिचे व्याज खात्यात पडून राहते. म्हणून या वर्षीची शेवटची तारीख आजच विचारा.