हवाई अंतर व प्रवासकाल

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांना जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाच्या लांबीस त्या स्थळांमधील हवाई अंतर म्हणतात. पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्यामुळे हा मार्ग सरळ रेषा नसून बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाचा, कंस असतो. स्थळांचे अक्षांश व रेखांश ज्ञात असल्यास गोलीय त्रिकोणमितीने त्याची लांबी काढता येते.

जमिनीवरील मार्ग भूरचनेप्रमाणे वळतात. त्यामुळे त्यांची लांबी हवाई अंतराहून अधिक भरते. उदा., धुळे व जळगाव यांमधील हवाई अंतर सु. ८३ किमी. असून चाळीसगावमार्गे लोहमार्गाने ते सु. १५० किमी. होते.

या पद्धतीने लंडन विमानतळापासूनचे अंतर काढल्यास मुंबईचे सु. ७,२१० किमी., जळगावचे सु. ७,२४० किमी. व धुळ्याचे सु. ७,१९० किमी. येते. म्हणजे मुंबईच्या तुलनेत जळगाव लंडनपासून किंचित दूर, तर धुळे किंचित जवळच आहे.

प्रवासकाल मात्र केवळ अंतरावर अवलंबून नसतो. ताशी सु. ९०० किमी. वेगाने मुंबई–लंडन अंतर आठ तासांत कापले जावे. परंतु आरोहण व अवतरण यांस लागणारा वेळ, ठरवून दिलेले हवाई मार्ग आणि वारे यांमुळे तो वाढतो. सु. १० किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोतवारे जाताना विरोध करतात व परतताना साहाय्य करतात. त्यामुळे जाण्यास सु. दहा, तर येण्यास सु. नऊ तास लागतात. पाकिस्तानने २०१९ मध्ये व पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. हिवाळ्यात लंडनची वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून रात्री दोन वाजता निघालेले विमान दहा तासांनी तेथे पोहोचते, तेव्हा तेथील घड्याळात सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात.

भारत व लंडन यांमधील एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली सेवा ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे सुरू झाली. पुढे जेट विमानांमुळे हा प्रवासकाल झपाट्याने घटला. घर ते विमानतळ हा टप्पा मात्र त्या प्रमाणात आखूड झाला नाही. जळगाव–मुंबई लोहमार्ग ४२० किमी. असून त्यास सर्वसाधारण जलद गाडीने सहा ते सात तास लागतात. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव–मुंबई विमानसेवा सुरू झाली. पण ती अखंड चालू राहिली नाही. धुळ्याचा प्रवासी सु. ३२० किमी. रस्ता कापून मुंबईस पोहोचतो, तेव्हा लंडनपासून तो उलट काहीसा दूरच गेलेला असतो. म्हणून दूरच्या प्रवासाचा काल मोजताना विमानाच्या उड्डाणकालात दोन्ही टोकांचा भूमार्ग व विमानतळावरील प्रतीक्षा मिळविणे आवश्यक ठरते.