वाट आणि वाटचाल

आयुष्य म्हणजे प्रवास, असे सगळ्याच भाषांतले कवी सांगतात. स्पॅनिश भाषेत या अर्थाचे एक गाणे फार गाजले. आंतोनियो माचादो या कवीच्या ओळी घेऊन गायक जोआन मानुएल सेरात यांनी ते १९६९ साली गायिले. आयुष्याचा रस्ता कुणी आधी आखून ठेवलेला नसतो, माणूस चालेल तसा तो घडतो, हा त्याचा सारांश. माचादो स्वतः १९३९ च्या जानेवारीत फ्रँकोच्या फौजांमुळे म्हाताऱ्या आईला घेऊन देश सोडून फ्रान्सला गेले आणि महिन्याभरात, २२ फेब्रुवारीला, तिथेच वारले.

हा अर्थ आपल्या समाजाला नवा नाही. महाडचे चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली, तेव्हा तिथे वाट झाली.

लोककवी वामनदादा कर्डक यांचेच पाहा. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीत राबले. कुणीतरी पत्र वाचायला दिले, तर अक्षर ओळखता येईना. ते त्यांच्या मनाला फार लागले. देहलवी मास्तरांनी मुळाक्षरे शिकवली, पुढे दुकानांच्या पाट्या वाचत ते वाचायला शिकले. मग हजारो गीते लिहिली. त्यांच्या एका गीतसंग्रहाचे नावच 'वाटचाल' आहे.

इथे आम्हांला स्पॅनिश गाण्यात थोडी भर घालावीशी वाटते. वाट चालल्याने होते हे खरे, पण पहिल्या पावलाला कुणाचे तरी बोट लागते. वामनदादांना देहलवी मास्तर भेटले नसते तर?

आमच्या कात्रजच्या वस्त्यांत सोलापूर-मराठवाड्याकडून आलेली कष्टकरी कुटुंबे आहेत. बसची पाटी दुसऱ्याला विचारणाऱ्या माता-भगिनी आजही दिसतात. दहावीला नापास झाला म्हणून मुलाला लगेच बिगारी कामावर धाडणारे बापही दिसतात. अशा मुलाची वाट संपलेली नसते, त्याला पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून देणारे कुणी हवे असते.

समाजबांधवांनो, तुमच्या घरात एक जरी शिकलेला असेल, तर त्याने शेजारच्या एकाला रोज अर्धा तास द्यावा. सुरुवात सहीपासून करा. अंगठ्याची शाई पुसली गेली की पुढची वाट तो माणूस स्वतःच काढील.