शेरा मारण्याआधी

केळवे रोड स्टेशनवर कुणी धक्का देऊन डब्यात शिरलं, की आपण म्हणतो, ‘किती उद्धट!’ तेच आपल्या हातून घडलं, तर ‘गाडी चुकली असती’ हे कारण तयार असतं. दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा कमी धरायचा आणि सगळा दोष स्वभावाला द्यायचा, ही माणसाची जुनी सवय आहे. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिला ‘मूलभूत आरोपण दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला १९७३ चा एक प्रयोग बोलका आहे. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस विव्हळत बसवला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. फरक घाईने पडला होता.

दुसऱ्याची परिस्थिती अशी समजून घेणं म्हणजे करुणा, आणि तिची सुरुवात स्वतःपासून होते. इगतपुरीच्या धम्मगिरीतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात आधी स्वतःचा श्वास आणि शरीरातल्या संवेदना पाहायला शिकवतात. सर्वांच्या भल्याची मैत्री-भावना शेवटी येते.

रोजच्या जगण्यात एवढं करता येईल: राग आला, की आधी तो ओळखावा. मग विचारावं, ‘या माणसावर आत्ता कसला ताण असेल? त्याच्या जागी मी कसा वागलो असतो?’ चूक खपवून घ्यायची गरज नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर कचरा टाकणाऱ्याला जरूर थांबवावं, पण बोलावं त्या कृतीबद्दल. माणसाला नालायक ठरवलं, की तो ऐकायचंच थांबवतो.