शेळ्या-कोंबड्यांच्या निवाऱ्यातील उष्णता निरोधन
शेळ्या-कोंबड्यांच्या निवाऱ्यातील उष्णता निरोधन : हिवाळ्यात जनावरांची ऊब निवाऱ्यात टिकावी व उन्हाळ्यात बाहेरील उष्णता आत शिरू नये, यासाठी छप्पर, भिंती व जमीन यांत केलेली योजना. निरोधक पदार्थ उष्णता निर्माण करीत नाहीत. तिचे वहन मंद करतात. शेळीच्या शरीराचे तापमान सु. ३९° से. व कोंबडीचे सु. ४१° से. असते. निवाऱ्यातील उष्णतेचा मुख्य उगम म्हणजे ही जनावरेच होत. सभोवतालची हवा थंड असल्यास खाद्याचा बराच भाग शरीर उबदार ठेवण्यात खर्च होतो आणि वाढ व अंड्यांचे उत्पादन घटते.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग मानतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग पठारावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव हा भाग पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात आहे. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्री तापमान १०° से.च्या आसपास, क्वचित त्याखालीही उतरते. याउलट एप्रिल-मे महिन्यांत घाटाखाली ते ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे येथील निवारा दोन्ही ऋतूंत उपयोगी पडणारा असावा लागतो. कोरड्या जागी बेरारी जातीची प्रौढ शेळी ही थंडी सहज सोसते. खरा धोका असतो तो नवजात करडांना व कोंबडीच्या पिलांना. जन्मतः ओल्या असलेल्या करडाच्या अंगातील उष्णता झपाट्याने कमी होते. म्हणून त्यास लगेच पुसून कोरडे करावे व चीक पाजावा. पिलांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब लागते, पुढे ती दर आठवड्यास सु. ३° से.ने कमी करतात.

निरोधक पदार्थ : स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक आहे. गव्हाचे काड, कडबा, भुसा, गोणपाट यांत हवा अडकून राहते, म्हणून ते निरोधक ठरतात. मात्र भिजल्यास त्यांचा हा गुण नष्ट होतो. पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड शेणमातीने लिंपल्यास वारा अडतो. धाब्याच्या घराचे जाड मातीचे छत दिवसा उशिरा तापते व रात्री उशिरा निवते. लोखंडी पत्रा निरभ्र रात्री हवेपेक्षाही थंड होतो. त्याच्या खालच्या बाजूस बाष्प साचून थेंब गळतात व गादी भिजते. पत्र्याखाली थोडे अंतर सोडून तट्ट्यांचे छत घातल्यास हा दोष कमी होतो. शेळ्या काड व गोणपाट खातात, म्हणून भिंतीचे आवरण त्यांच्या तोंडी लागणार नाही असे असावे.

वायुवीजन : थंडीच्या भीतीने चारही बाजू प्लॅस्टिकच्या कापडाने बंद करणे घातक असते. श्वासातील बाष्प व मलमूत्रातून निघणारा अमोनिया आत कोंडून फुप्फुसांचे विकार बळावतात. हवेत अमोनियाचे प्रमाण दशलक्ष भागांत २५ भागांवर गेल्यास कोंबड्यांना अपाय होतो. माणसाने खाली बसून श्वास घेतला असता डोळे चुरचुरल्यास हवा बिघडली असे समजावे. बसलेल्या जनावरांच्या उंचीपर्यंत भिंत बंद व छपराखालील पट्टा खुला ठेवल्यास वाऱ्याचा झोत टळतो आणि दमट हवाही बाहेर जाते.

जमीन व दिशा : जमीन सभोवतालच्या भूमीपेक्षा उंच असावी. कोंबड्यांसाठी हिवाळ्यात भुशाची १० ते १५ सेंमी. जाडीची गादी करतात, ती वरचेवर हलवितात व ओला भाग काढून टाकतात. निवाऱ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात. या अक्षांशावर हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सु. ४६° उंचीवर असतो, तर मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेकडील वळचणीखालून हिवाळ्यात ऊन आत येते, उन्हाळ्यात ते अडते. कोंबड्यांचे धान्य अतिप्रमाणात खाल्ल्यास शेळ्यांना अपचनाचा जीवघेणा विकार होतो. म्हणून दोहोंमध्ये आडभिंत आवश्यक असते.

कोळशाची शेगडी बंद जागी ठेवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. उघडा दिवा वा सैल बसविलेला विजेचा बल्ब काडाजवळ असल्यास आगीचा धोका असतो. हिमालयाच्या थंड भागांत घराच्या तळमजल्यावर जनावरे ठेवण्याची रीत आढळते. थंडी कमी असो वा तीव्र, कोरडी जमीन, झोतापासून संरक्षण व वरून हवा जाण्यास वाट ही सूत्रे सर्वत्र लागू पडतात.