सेवाभावी संस्था आणि मुक्त आज्ञावली

सेवाभावी संस्थेस संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, घ्यावयाचे झाले की पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. देणगीदार औषधांसाठी वा पुस्तकांसाठी आनंदाने पैसे देतो. आज्ञावलीच्या परवान्याचे वार्षिक शुल्क म्हटले की तोच हात आखडता घेतो. साहजिकच मुक्त आज्ञावलीविषयी ‘ती फुकट मिळते’ एवढेच कार्यकारी मंडळाच्या लक्षात राहते. हा समज अपुरा आहे, आणि प्रसंगी महागातही पडतो.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या चळवळीस आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह किमतीविषयी नसून हक्काविषयी होता. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरावी, तिची मूळ संहिता तपासावी व बदलावी, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्यात, आणि सुधारलेली प्रतही वाटावी, असे हे हक्क होत. त्यांचे मोल कळण्यास बंगळूर येथे आकारास आलेल्या ‘बाह्मनी’ या आज्ञावलीचे उदाहरण पुरेसे आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरनजीक गनियारी या खेड्यात ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था रुग्णालय चालविते. दूरदूरच्या गावांतून रुग्ण तेथे येतात. क्षय, मधुमेह, सिकलसेल अशा दीर्घकाळच्या दुखण्यांत मागील खेपेची नोंद हाती नसेल, तर डॉक्टरास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. रुग्णाचे हेलपाटे वाढतात ते निराळेच. या रुग्णालयासाठी थॉटवर्क्स या कंपनीच्या बंगळूर येथील तंत्रज्ञांनी २०१३ च्या सुमारास ही आज्ञावली सिद्ध केली. सगळे काही नव्याने रचण्याच्या फंदात ते पडले नाहीत. रुग्णांच्या नोंदींसाठी ‘ओपनएमआरएस’, प्रयोगशाळेसाठी ‘ओपनईएलआयएस’ आणि औषधभांडार व देयके यांसाठी ‘ओपनईआरपी’ अशा तीन तयार मुक्त आज्ञावल्या त्यांनी एकत्र सांधल्या. डॉक्टरने रक्ततपासणी लिहिली की ती मागणी आपोआप प्रयोगशाळेत पोहोचते व निष्कर्ष रुग्णाच्या नोंदीत परत येतो. ओपनएमआरएसमध्ये वैद्यकीय संज्ञांचा एक कोशच असतो. नव्या आजाराची वा नव्या तपासणीची भर त्या कोशात घालता येते. त्यासाठी प्रत्येक वेळी संहितेस हात लावावा लागत नाही.

पुढे हीच आज्ञावली नेपाळमधील व इतर देशांतील रुग्णालयांनी घेतली. तीन आज्ञावल्यांच्या जोडणीस वा या प्रसारास कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि या मार्गातही खाचखळगे आहेत. ओपनईआरपीचे २०१४ साली ‘ओडू’ असे नामांतर झाले आणि २०१५ पासून तिचे काही महत्त्वाचे भाग केवळ सशुल्क आवृत्तीत मिळू लागले. मोफत आवृत्ती चालूच राहिली व पूर्वी खुली केलेली संहिताही कोणास काढून घेता आली नाही. परंतु जे वगळले गेले ते भरून काढण्याचा भार वापरणाऱ्यांवर पडला. शिवाय संगणक, वीज, कर्मचाऱ्यांचे शिक्षण, नोंदींच्या राखीव प्रती आणि बिघाड झाल्यास धावून येणारा जाणता माणूस यांचा खर्च कोणत्याही परवान्याने टळत नाही. अंदाजपत्रकात हा खर्च न दाखविणाऱ्या संस्थेचे संगणक वर्षभरात आच्छादनाखाली जातात.

सर्वच संस्थांना एवढा पसारा लागतो असे नाही. पत्रव्यवहार व साध्या हिशोबास ‘लिबरऑफिस’ पुरते. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी बंगळूरच्या ‘समन्वय फाउंडेशन’ने ‘अवनी’ ही मुक्त आज्ञावली तयार केली आहे. तीत नेटवर्क नसतानाही मोबाईलवर नोंद होते व संपर्क येताच ती मुख्य संग्रहात जमा होते. निवड कोणतीही असो, साठलेली माहिती उद्या दुसरीकडे नेता येईल काय, हे आधी विचारून घ्यावे. जुन्या फॉन्टांत टंकलेले आपलेच अहवाल नव्या संगणकावर उघडताना अक्षरांची खिचडी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्या मराठी कार्यालयांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.