मातीचा नमुना देता, मग रक्ताचा का नाही?



मागच्या हंगामात मानवत गटातल्या एका सभासदाच्या खोडव्यात आम्ही ब्रिक्स पाहायला गेलो होतो. "साहेब, कांड्यात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही बघा," असं तेच म्हणाले. पुढं तीन आठवड्यांनी बांधावरच छातीत कळ येऊन ते गेले. वय पन्नाशीच्या आत, अंगकाठी सडपातळ, सुपारीचंही व्यसन नाही. कारण कोलेस्टेरॉलच होतं असं आम्ही म्हणत नाही. रक्त कधी तपासलंच नव्हतं, तर कळणार कसं? "तोडणी होऊ द्या, मग बघू," हे त्यांचं उत्तर. खरं सांगायचं तर आमचंही तेच होतं.

कोलेस्टेरॉल हा रक्तातला मेणासारखा पदार्थ. शरीराला तो लागतोच, बराचसा यकृतच तयार करतं. पण जास्त झाला की रक्तवाहिनीला आतून थर धरतो, ठिबकच्या नळीत क्षार धरावेत तसा. ठिबक तुंबलं तर निदान ऊस सुकलेला दिसतो. इथं काहीच दुखत नाही, एकदम झटकाच येतो. बारीक माणसालाही येतो.

तेराव्यानंतर आम्ही रक्त दिलं. एलडीएल निघाला १६८! वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते हेच. ते १०० च्या आत हवं. एकूण २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल मात्र चांगलं, ते पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर असावं. मधुमेह असेल किंवा आधी झटका येऊन गेला असेल तर एलडीएलची मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरच ठरवतील.

"सकाळी चहा झाला, आता उद्या बघू," ही सबबही उरली नाही. देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली सांगितलं, की पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी आणि एरवी उपाशीपोटी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा द्यावं.

खाण्याचं म्हणाल तर वनस्पती तूप सोडावं, आपलं करडईचं तेल बरं. 'परभणी कुसुम' वाण आपल्याच कृषी विद्यापीठानं दिलेला आहे. साखर जास्त झाली की ट्रायग्लिसराइड चढतं. कारखान्याच्या पत्रकात हे लिहावं की नाही असा विचार पडला, पण लिहितो. गोळी सुरू झाली असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद करू नये.

सरकारी दवाखान्यांतून महालॅब योजनेत रक्ततपासण्या मोफत होतात. डॉक्टरांकडून 'लिपिड प्रोफाइल' लिहून घ्यावं. घरच्या बाईमाणसाचंही रक्त द्यावं, पाळी गेल्यावर त्यांचंही वाढतं.

आम्हाला पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त द्यायचं आहे. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावं. जीपमध्ये पाच जणांची जागा आहे.