लघवीच्या थेंबातून प्रोस्टेट कॅन्सर कसा ओळखतात?

बाबांच्या ब्लड रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. पीएसए 4 च्या वर. लगेच काका म्हणतात, "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा गूगलवर." मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन. गोची अशी की वयानुसार ग्रंथी नुसती मोठी झाली किंवा इन्फेक्शन झालं तरी ते वाढतं. आकडा 4 ते 10 असेल तर बायोप्सीत साधारण चौघांपैकी एकालाच कॅन्सर निघतो. बाकीच्या तिघांना दहा-बारा सुया टोचल्या जातात त्या उगाचच!

म्हणून शास्त्रज्ञ डीएनएकडे वळले. जीएसटीपी1 नावाचा जनुक पेशीचं नुकसानीपासून रक्षण करतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्ये तो बंद पडलेला असतो, हे 1994 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं. फोनमधलं ॲप अनइन्स्टॉल न करता 'डिसेबल' करतो ना, तसंच. जनुकाची अक्षरं तीच, फक्त त्यांच्यावर मिथाइलचे शिक्के बसतात. मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधूनच जातो, त्यामुळे तिथल्या काही पेशी लघवीत येतात आणि हे शिक्के लॅबमध्ये वाचता येतात. मात्र गाठ लहान असेल तर लघवीत पेशी कमी, म्हणजे 'नाही' आलं तरी खात्री नाही.

रक्तातही गाठीच्या डीएनएचे तुकडे फिरतात. इथे आपल्या भागाची खरी अडचण येते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत फुटू लागतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि आधीच बारीक असलेला सिग्नल गोंगाटात बुडतो. लातूरहून मुंबईला नमुना पाठवायचा तर खास नळी लागते. अशा एका प्रचलित नळीची मर्यादा 37 अंश सेल्सिअस आहे. नांदेडचा मे महिना आठवा!

नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या रक्तचाचणीला 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. ती मात्र डीएनए नाही, रक्तातल्या गाठीच्या अख्ख्या पेशी शोधते. शिवाय हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, फक्त तपासणीच्या रांगेत प्राधान्य. फॉरवर्ड मेसेजमध्ये हा फरक हमखास गळतो.

तोवर पीएसए वाढला तर यूरॉलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा: चाचणी पुन्हा करायची का, आणि बायोप्सीआधी एमआरआय करता येईल का. वडील, काका किंवा भावाला हा आजार झाला असेल तर तेही आवर्जून सांगा.